एक्स-रेमध्ये काही नव्हते

आईची पाठ दुखू लागली तेव्हा क्षयरोगाची शंका आम्हाला आली नाही, कारण तिला खोकला नव्हता आणि आमच्या समजुतीत टीबी म्हणजे छातीचा आजार. एक्स-रे पाहून 'मणक्यात गॅप आहे' असे सांगण्यात आले आणि शेक, पट्टा, वेदनाशामक गोळ्या यांत चार महिने गेले. आडवे पडूनही दुखणे थांबत नव्हते, संध्याकाळी कणकण असे, वजन उतरत होते. या तिन्ही गोष्टी आम्ही एकत्र जोडून पाहिल्या नाहीत, याची खंत मला आजही आहे.

मणक्यातील साधारण ३० ते ४० टक्के खनिजद्रव्य झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेवर बदल ठळकपणे दिसत नाही, हे मला पुढे समजले. एमआरआय मात्र हाडाच्या मज्जेतील सूज फार आधी टिपतो. आईच्या एमआरआयमध्ये पाठीचे दहावा आणि अकरावा हे लगतचे मणके मधल्या गादीकडच्या (डिस्ककडच्या) कडांनी पोखरलेले दिसले. शेजारच्या दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या भागांना एकाच धमनीकडून रक्त मिळते, म्हणून रक्तातून आलेला जंतू बहुधा दोघांनाही एकदम धरतो. इतर जंतूंच्या पूयुक्त संसर्गात मधली गादी लवकर नष्ट होते, क्षयात ती तुलनेने बराच काळ टिकते. आईची गादी बरीचशी शाबूत होती. मणक्यांलगत पातळ भिंतीचा शीत गळू, म्हणजे लाली किंवा उष्णता नसलेला पुवाचा साठा, होता आणि मज्जारज्जूवर थोडा दाब येऊ लागला होता. रेडिओलॉजिस्टांनी संपूर्ण मणक्याचे चित्रण करण्याचा आग्रह धरला, कारण मध्ये निरोगी मणके सोडून हा रोग दूरच्या भागातही आढळू शकतो. त्या आग्रहाबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तरीही चित्र हे चित्रच. कर्करोग किंवा अन्य संसर्गही कधी कधी असाच दिसतो आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे कोणतेही स्कॅन सांगू शकत नाही. म्हणून सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुईने नमुना घेतला गेला. सीबीनॅट या जंतूची जनुके शोधणाऱ्या चाचणीत क्षयजंतू आढळला आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या प्रमुख औषधाला तो प्रतिरोधक नसल्याचेही कळले.

औषधे सुरू होऊन तीन महिने झाल्यावर केलेल्या एमआरआयमध्ये हाडाच्या मज्जेतील बदल जवळपास तसेच होते आणि मी घाबरले. आईचे वजन मात्र वाढले होते, ताप गेला होता आणि ती रात्री झोपू लागली होती. चित्रातली सुधारणा प्रकृतीच्या मागून येते, असे डॉक्टरांनी समजावले आणि औषधे तशीच चालू ठेवली.