स्विफ्टची नोंद: पॅड घ्यायला गेलो, पिन सापडली

मागच्या नोंदीत मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून लायनर साफ केले होते, हँडब्रेकची तार ताणली होती. पुढच्या ब्रेकचे डिस्क पॅड पोळ्याआधी बदलायचे असं तेव्हा ठरवलं. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची कर झाली, आणि आज कुठे काम पुरं झालं. यातला निम्मा वेळ मी भलत्याच गोष्टीचा विचार करण्यात घालवला, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी तुम्हाला माहीत आहेच. २०१२ ची स्विफ्ट डिझेल, मीटर १,१२,००० च्या पुढे, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅड दोन्हीकडून दाबून धरतात), मागे ड्रम. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घरापासून डांबरी सडकेपर्यंत पाऊण किलोमीटर पांदण आहे. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाच्या आत जाऊन बसते आणि दोन दिवस ऊन पडलं की विटेसारखी वाळते. ही माती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

श्रावणात चिखलदऱ्याला गेलो होतो. मी, घरची, आई आणि भाचा. उतरताना गप्पांच्या नादात गाडी चौथ्या गिअरमध्येच राहिली. मोथा गाव मागे पडलं तसा जळका वास यायला लागला. पेडल कडक होतं, पण दाबलं तरी गाडी थांबायला आळस करत होती. आई मागून म्हणाली, "हळू घे रे बाबू." मी म्हटलं हळूच घेऊन राहिलो, गाडी ऐकत नाही.

पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, हे पॅड तापल्याचं लक्षण. पेडलच स्पंजासारखं खाली गेलं असतं तर ब्रेक ऑइल उकळल्याची शंका घेतली असती. घरी आल्यावर हिशेब मांडला. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटरवर, परतवाडा-अचलपूर साधारण ३७० वर. म्हणजे जवळजवळ ७५० मीटर उतार. गाडी माणसांसकट १२०० किलो धरली तर खाली येईपर्यंत सुमारे ८८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते. तेवढ्यात २५ अंशाचं २८ लिटर पाणी उकळीला येतं. काही वाटा इंजिन घेतं, काही वारा घेतो. पण गाडी चौथ्यात असेल तर इंजिन फारसं घेत नाही, मग उरलेली सगळी चार पॅड आणि दोन ड्रमांच्या माथी. चूक माझीच होती, पण तेव्हा ती कबूल करायची तयारी नव्हती. आपल्याला घाटात टिकणारे दणकट पॅड लागतात, एवढंच डोक्यात बसलं.

मग अमरावतीला फेरी. बॉश, ब्रेम्बो, टीव्हीएस गर्लिंग, कंपनीचे खुद्द, सगळी नावं काउंटरवर ऐकायला मिळतात. पण मला डबा बघायचा नव्हता, पॅडची कड बघायची होती. चांगल्या पॅडच्या कडेवर बारीक छापलेल्या ओळीच्या शेवटी बहुधा दोन इंग्रजी अक्षरं असतात. ही घर्षणाची खूण. पहिलं अक्षर कमी तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई लिहिलं असेल तर पॅड तापल्यावर ढिला पडतो, एफएफ असेल तर दोन्हीकडे सारखा. मात्र या अक्षरांवर फार भाळू नका. पॅडचा एक इंच चौरस तुकडा छोट्या ड्रमवर घासून ही अक्षरं ठरवतात. पॅड किती दिवस टिकेल, आवाज करेल की नाही, डिस्क खाईल की नाही, यातलं काहीच ती सांगत नाहीत.

एका दुकानात डबा नसलेले सुटे पॅड साडेचारशेला दाखवले. कडेवर एकही अक्षर नाही, आणि लोखंडी पाठीवरचा रंग नखाने निघाला. मी भिंग काढून बघत होतो तेव्हा काउंटरवरचा म्हणाला, "भाऊ, तुम्ही अक्षरं कायले वाचून राहिले? गाडी थांबली म्हंजे झालं नं." त्याचं म्हणणं तसं चूक नाही. फक्त किती फुटांत थांबली ते त्याला विचारावंसं वाटलं.

सेमी-मेटॅलिकचा एक सेट जवळजवळ घेतलाच होता. त्यात पोलादाचे तंतू आणि लोखंडाची भुकटी असते, उष्णता सोसतो, घाटासाठी उत्तम. पैसे काढले आणि खिशात परत ठेवले. कारण एकच आठवलं: जुने पॅड कसे झिजलेत ते मी अजून पाहिलेलेच नाहीत. रोगी न बघता औषध घ्यायला निघालो होतो.

आता खरी गंमत. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे बेअरिंगचं तापमान बघायची गन जवळ असते. दुसऱ्या दिवशी अंजनगावच्या रस्त्याने दहा किलोमीटर गाडी नेली, ब्रेकला पाय जवळजवळ न लावता, आणि शेवटी हँडब्रेकवर थांबवली. उतरून दोन्ही डिस्कवर गन धरली. डावी ६१ अंश, उजवी ११८. (चकचकीत धातूवर ही गन खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, त्यामुळे आकडा खरा मानू नका. दोन्ही बाजूंची तुलना तेवढी करा.) ब्रेक न मारता उजवं चाक एवढं तापतं, म्हणजे तिकडे पॅड डिस्कला सोडतच नव्हता. ॲव्हरेज २१ वरून १९ वर आलं होतं त्याचाही उलगडा झाला. मी उगाच पंपवाल्यावर संशय घेत होतो.

करीच्या दिवशी दुकान बंद होतं. पोळ्याआधी बैलांची खांदशेकणी झाली होती, आता गाडीची करू म्हटलं. मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक, जॅकखाली फळी (काळ्या मातीत फळीशिवाय जॅक लावाल तर जॅक खाली जाईल आणि गाडी जागेवर राहील), वरून स्टँड. मग चाक काढलं. कॅलिपरवरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यावरची) माती आधी पाण्याने भिजवून काढली. हवेचा फवारा मारू नका, ब्रेकची भुकटी छातीत जाते, आणि कुठला जुना पडून असलेला माल लागला असेल तर त्यात ॲस्बेस्टॉसही असू शकतं.

डावीकडचे पॅड आत ५ मिलिमीटर, बाहेर साडेपाच. उजवीकडे बाहेरचा ६ आणि आतला जेमतेम २. नवीन पॅडला मसाला (लोखंडी पाठीवरचा घासला जाणारा थर) साधारण १० मिलिमीटर असतो, तीनवर आला की बदलायचा. भाच्याने बाहेरचा हातात घेतला आणि म्हणाला, "मामाजी, हा तं अजून लय जाड हाये नं?" म्हणूनच फसायला होतं. चाकाच्या जाळीतून डोकावलं की दिसतो तो बाहेरचाच.

आपल्या गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्या दाबाच्या धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना सरकल्या नाहीत तर सगळं काम आतल्या पॅडच्या गळ्यात. माझी वरची पिन बोटाने हलली. खालची हलेना. पाना लावून फिरवत फिरवत उपटली तर तिच्या टोकावरचं रबर फुगून टम्म झालेलं, बाहेरचा रबरी बूट (पिनेवरचं टोपण) फाटलेला आणि आत ग्रीस, गंज, माती यांचा काळा काला. वास घेतला तर साधं पिवळं बेअरिंग ग्रीस. ७८,००० ला एका गॅरेजात पॅड बदलले होते तेव्हा लागलेलं. खनिज तेलाच्या ग्रीसने हे रबर फुगतं, इथे सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकचंच ग्रीस चालतं. फुगलं म्हणून पिन अडकली, बूट फाटला म्हणून पांदणीचं पाणी आत गेलं. घाटात जळला तो हाच आतला पॅड. वर काचेसारखी चकाकी आली होती.

म्हणजे सेमी-मेटॅलिक घेतले असते तरी सहा महिन्यांत हीच रडकथा, फक्त जास्त पैशात.

डिस्क मोजली. तांब्याच्या तारेचा गेज मोजायचा मायक्रोमीटर इथे कामी आला. आधी हौसेने व्हर्नियर लावला होता, त्याने सरळ खोटं सांगितलं, कारण डिस्कच्या कडेला न झिजलेली धार उरते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकतात. मायक्रोमीटर धारेच्या आत पोहोचतो. दोन्ही आकड्यांत पाऊण मिलिमीटरचा फरक! चार ठिकाणी मोजली, डिस्कच्या मधल्या उंच भागावर, टोपीवर, कोरलेल्या किमान जाडीपेक्षा सव्वा मिलिमीटर वर आहे. राहू द्या.

घरचीने मात्र तिसऱ्या दिवशी विचारलं, "चाक काढून ठेवलं, आता दळण काय डोक्यावर न्याचं?" चक्की गावात नाही, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

आता पॅडची निवड नव्याने. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ मध्ये इंग्लंडातल्या डर्बीशायरला ब्रेक लायनिंगचा धंदा काढला. उतारावर गाडीवान चाकाला जुना बूट दाबून धरतात, हे बघून त्याला ती कल्पना सुचली म्हणतात. त्याचा मुलूख डोंगराळ. आमचा मुलूख ताटासारखा, घाट वर्षातून एकदा. बाकीचे ३६४ दिवस माझी खरी परीक्षा कोणती? रात्री नऊला दर्यापूरहून येताना तुरीच्या शेतातून रोही (नीलगाय) सडकेवर उडी मारते, ती. तेव्हा ब्रेक थंडगार असतो, गेल्या चार किलोमीटरमध्ये पाय लागलेला नसतो, आणि पहिल्याच दाबाला पकड पाहिजे असते. सेमी-मेटॅलिक थंडपणी जरा उशिरा धरतो. शिवाय गाडी रात्रभर पावसात उभी राहिली की त्यातलं लोखंड गंजून डिस्कला चिकटतं. सिरॅमिक पॅड शांत असतो आणि चाकं काळी करत नाही, पण २,६०० रुपये देऊन चाकं स्वच्छ ठेवायची आणि मग पांदणीत घालायची, हे मला जमणार नाही. म्हणून कंपनीने दिले होते त्याच जातीचे, बिगर-ॲस्बेस्टॉस ऑरगॅनिक, एफएफ खुणेचे, चार पॅडचा सेट १,४५० ला. एका बाजूचे ठीक दिसले तरी चारही बदलायचे, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. पिना आणि बुटांचं किट दोनशेच्या आत आलं. या सगळ्या कामातली सर्वांत कामाची खरेदी तीच.

बसवताना पिस्टन आत ढकलावा लागतो. त्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून नव्या, कोऱ्या सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या, नाहीतर ते वर येऊन सांडतं आणि बॉनेटखालचा रंग खातं. मी जुना पॅड पिस्टनवर ठेवून शिकंज्याने हळूहळू दाबला. क्लिपा बसतात त्या खाचा पॉलिश पेपरने घासल्या, पॅडचे कान त्यात बोटाने सरकले पाहिजेत. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. हे विसरून एकाने दिवाळीत गाडी तुळशी वृंदावनावर घातली होती. कोण ते मी सांगत नाही, तो नात्यातला आहे.

पहाटे साडेपाचला रिकाम्या सडकेवर नवे पॅड डिस्कवर रुळवून घेतले. साठवरून पंधरावर, पूर्ण न थांबता, असं दहा वेळा, मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर गाडी मोकळी पळवायची. शेवटी पाच किलोमीटर ब्रेक न लावता. तापलेल्या पॅडने पूर्ण थांबून पाय दाबून धरला तर पॅडचा मसाला डिस्कवर एकाच जागी छापला जातो आणि मग पेडल थरथरतं. सातव्या वेळी हलका वास आला, तो नव्या पॅडचा असतो, चालतो.

परवा पुन्हा चिखलदरा. या वेळी उतरताना दुसऱ्या-तिसऱ्यात, ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडायचा, सतत टेकवून ठेवायचा नाही. धामणगाव गढीला गाडी सावलीत लावून गन धरली. डावी ९४, उजवी ९७. आई मागे झोपलेली होती.

आजचं मीटर १,१३,४०० च्या आसपास. ब्रेक ऑइल बदलायचं राहिलं आहे. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल कोरं असताना २०५ अंशाला उकळतं, ओलावलेलं १४० लाच, आणि माझं चार वर्षं जुनं आहे. डॉट ४ ची बाटली आणून ठेवली आहे. डावीकडून सकाळी पहिल्या दोन ब्रेकला बारीक 'चीं' येते, शिम (पॅडच्या पाठीमागची पातळ पत्री) नीट बसली नसावी. दोन्ही कामं आता सोयाबीन निघाल्यावर, तोवर गाडीच्या डिकीत पोती असतील.