गोव्यातील जुने लाकडी रेडिओ आणि त्यांची मागची बाजू

जुन्या लाकडी रेडिओची किंमत लोक समोरून ठरवतात, म्हणजे पॉलिश, सोनेरी कापडाची जाळी आणि कंपनीचे नाव पाहून. माझ्या मते मागचा पुठ्ठा काढल्याशिवाय कोणताही संच ओळखता येत नाही. नावाची पट्टी निखळते, दुसऱ्याच रेडिओची तिथे चिकटवली जाते, नॉब तर सर्रास बदललेले असतात. चासी, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसवलेले असतात तो आतला धातूचा सांगाडा, मात्र सहसा मूळचीच असते.

गोव्यात ही खबरदारी अधिकच घ्यावी लागते, कारण इथे रेडिओ दोन वाटांनी आले. डिसेंबर 1961पर्यंत पोर्तुगीज राजवट होती आणि भारतात आयातीवर कडक निर्बंध असताना इथे युरोपातील माल उतरत असे. त्या काळातले ग्रुंडिग आणि टेलिफुंकन अजूनही जुन्या घरांच्या माळ्यांवर सापडतात. त्यानंतर भारतात तयार झालेले मर्फी, बुश आले. फिलिप्स हे नाव दोन्ही वाटांवर भेटते, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबण्यात अर्थ नाही.

आधी डायल वाचावी. लाँग वेव्हचा पट्टा दिसला तर तो संच बहुधा युरोपातील ग्राहकासाठी बनवलेला असतो. आपल्याकडे चालत ते मीडियम वेव्ह आणि दोन-तीन शॉर्ट वेव्ह. ‘यूकेडब्ल्यू’ असे लिहिलेली कळ म्हणजे जर्मन एफएम, जे तिकडे 1949मध्ये सुरू झाले. विकणारा मोठ्या कौतुकाने ‘एफएमपण लागतो’ असे सांगतो, पण 1950च्या दशकातल्या अशा अनेक संचांचा पट्टा 100 मेगाहर्ट्झलाच संपतो आणि आकाशवाणीचे पणजीचे एफएम रेनबो 105.4वर आहे!

खरा पुरावा व्हॉल्व्हवर, म्हणजे पुढे ट्रान्झिस्टरने ज्यांची जागा घेतली त्या आतल्या काचेच्या नळ्यांवर असतो. युरोपीय क्रमांकातले पहिले अक्षर ‘ई’ असेल तर फिलामेंट (आतली तापणारी तार) 6.3 व्होल्टचे, ‘यू’ असेल तर फिलामेंट सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली असतात, आणि अशा संचांत बहुतेकदा ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे चासीतच मेनचा करंट येऊ शकतो, हे विसरून हात घालू नये. अक्षरांपुढचा आकडा बैठक, म्हणजे पिनांची मांडणी, सांगतो: ईसीएच 42 हा आठ पिनांचा रिमलॉक, तर ईसीएच 81 हा नंतरचा, नऊ पिनांचा नोव्हल. फोंड्याच्या बाजूने आलेल्या एका टेलिफुंकनमध्ये व्हॉल्व्ह उलटा धरला, तेव्हा पिनांच्या मधल्या काचेत कंपनीची, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण उमटलेली दिसली. शेजारचा व्हॉल्व्ह मात्र बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा होता. म्हणजे संच जर्मन, पण दुरुस्ती इथली. मी तो व्हॉल्व्ह तसाच ठेवला आहे, कारण तोही त्या संचाचा इतिहासच आहे.

व्हॉल्व्हवरची अक्षरे बोटानेही पुसली जातात आणि डायलच्या काचेमागची साबणाच्या पाण्याने, म्हणून साफसफाईआधी फोटो काढावेत. आपल्या पावसाळ्यात व्हिनियर (वर चिकटवलेला पातळ लाकडी थर) सुटते, कडांना वाळवी लागते. ते चांगला सुतार सावरू शकतो. मेणकागदी कपॅसिटरचे तसे नाही. स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या टोकाकडे, जाणारा कपॅसिटर गळका असेल, त्यातून नको तो करंट झिरपत असेल, तर ईएल 84सारखा तो व्हॉल्व्ह तापून निकामी होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. त्यामुळे तो बदलल्याशिवाय आणि वायरीत सिरीज बल्ब (बिघाड असल्यास करंट मर्यादित ठेवणारा) लावल्याशिवाय मी एकही संच प्लगला लावत नाही.