विहीर माझी, मग नदीशी माझा काय संबंध?

“विहीर माझ्या रानात, वीजबिल मी भरतो. नदी आटली त्यात माझा काय दोष?” कऱ्हेच्या खोऱ्यात विहिरींची पातळी मोजत फिरताना हा प्रश्न बांधाबांधावर ऐकू येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

दिवाळीनंतर नदीला मिळणाऱ्या ओढ्यात उतरून बघा. पाऊस जाऊन महिना झालेला असतो, तरी पाणी वाहतं. काठाच्या दरडीत, वरचा मुरूम संपून काळा पाषाण लागतो त्या सांध्यावर हात ठेवा. तिथे ओल असते, शेवाळ असतं, करंगळीएवढी धार गळत असते. पाषाण अखंड असला की मुरलेल्या पाण्याला खाली वाट नसते. ते आडवं सरकतं आणि काठाला बाहेर पडतं. विहिरीचे झरेही बहुतेक याच थरातले. या पाझराचं तापमान फारसं बदलत नाही. चैत्रात डोह गार राहतो आणि मासे पुढच्या पावसापर्यंत तग धरतात ते याच्याच जिवावर.

आता पातळीचं. विहिरीतलं पाणी ओढ्याच्या तळापेक्षा उंच असेल तोवर ओढ्याला पाझर मिळतो. ते तळाच्या खाली गेलं की प्रवाह उलटतो, ओढाच जमिनीत जिरायला लागतो. काठापासून वीसेक पावलांवरच्या एका विहिरीत मी टेप सोडला, तेव्हा जानेवारीतच पाणी ओढ्याच्या तळाच्या खाली होतं. वरच्या बंधाऱ्यातून सोडलेलं पाणी त्या वळणापर्यंत आलं आणि वाळूत गडप झालं. पुढचा डोह कोरडाच.

एकट्या तुमचा दोष नाही, हे अगदी मनापासून सांगतो. अंजिराची बाग जगवायला कोण धडपडणार नाही? पण काठावरच्या सगळ्या मोटरींची ओढ एकाच थरावर पडते. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचं पाणी मालकाच्या हक्काचं ठरवलं आणि वाहती नदी सरकारकडे राहिली. एकाच पाण्याची अशी कागदावर वाटणी झाली, याचं मला फार वाईट वाटतं. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच पिकं ठरवतात.

पुढच्या फेरीला टेप तुमच्या हातात देईन. आधी विहिरीत सोडा, मग ओढ्याच्या तळाशी ताडून बघू. रब्बीची पेरणी ठरवायच्या आत येतो.