कॉम्रेड्स मॅरेथॉन : उतारावरचे 90 किलोमीटर

दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांदरम्यान कॉम्रेड्स मॅरेथॉन धावली जाते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅफम यांनी युद्धात गमावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ 24 मे 1921 रोजी ती सुरू केली, तेव्हा 34 जण धावले होते आणि त्यांपैकी 16 जणांनीच शर्यत पूर्ण केली होती. आज हजारो धावपटू येतात आणि अंतर पार करायला बारा तास मिळतात. शर्यतीची दिशा साधारणपणे दरवर्षी बदलते. समुद्रकाठच्या डर्बनहून वर चढत जायचे ती 'अप रन' आणि पीटरमॅरिट्झबर्गहून खाली यायचे ती 'डाउन रन'. माझ्या वाट्याला सुमारे 90 किलोमीटरची डाउन रन आली होती, आणि हे ऐकून बहुतेकांनी 'मग सोपीच आहे की' असे म्हणून विषय संपवला होता.

मुळात डाउन रनमध्येही हजार मीटरांहून अधिक चढ आहे. पण तो बाजूला ठेवला तरी, पायांची खरी नासधूस उतारच करतो. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीराचा भार रोखून धरावा लागतो. स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होत राहते. दम लागत नसल्यामुळे ती जाणवत नाही, हीच यातली गोम आहे. चढावर छाती भरून येते आणि माणूस आपोआप मंदावतो, तर उतारावर थांबवणारे कोणीच नसते. म्हणून तयारीच्या काळात मी मुद्दाम लांब उतारांवर सराव केला. एकदा अशी इजा सोसलेले स्नायू पुढचे काही आठवडे तशाच ताणाला अधिक खंबीरपणे तोंड देतात, हे धावण्याच्या शास्त्रात चांगले प्रस्थापित आहे. मागे झुकून ब्रेक लावल्यासारखे उतरायचे नाही, पावले आखूड आणि भरभर टाकायची, एवढेच तंत्र. अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो.

जूनमधल्या थंडीत, पहाटे साडेपाचच्या अंधारात, सिटी हॉलसमोर राष्ट्रगीत झाले आणि मग ध्वनिक्षेपकावरून कोंबडा आरवला. मॅक्स ट्रिमबॉर्न नावाच्या धावपटूने 1948 मध्ये उत्साहाच्या भरात कोंबड्याची नक्कल केली, तिचीच ही परंपरा. तोफेचा आवाज झाला आणि सगळ्यांचे घड्याळ एकदम सुरू झाले. मागच्या रांगांतल्या लोकांना आरंभरेषेपर्यंत पोहोचायला लागलेली मिनिटे त्यांच्याच बारा तासांतून वजा झाली. साहजिकच ती भरून काढण्याची घाई सुटते, आणि समोर येतो पॉली शॉर्ट्सचा तीव्र उतार. इथे माझ्या दोन्ही बाजूंनी माणसे सुसाट निघून गेली. मी मात्र एका 'बस'मध्ये होतो.

बस म्हणजे ठरावीक वेळेत पोहोचण्यासाठी एका अनुभवी धावपटूच्या मागे धावणारा जथा. त्या म्होरक्याला ड्रायव्हर म्हणतात. आमचा ड्रायव्हर चढ आला की हात वर करायचा आणि पायांत ताकद असो वा नसो, सगळा जथा चालू लागायचा. त्याने मोजलेली पावले संपली की पुन्हा धावणे सुरू. दमल्यावर चालणे आणि ठरवून चालणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला त्या हाताने शिकवले. दमून चालू लागलेला माणूस पुन्हा धावायला लागेलच, याची खात्री नसते. रस्त्यावरच्या पाट्याही या हिशेबाला मदत करतात, कारण त्यांवर कापलेले नव्हे तर उरलेले अंतर लिहिलेले असते. सुरुवातीला मात्र त्या आकड्यांकडे न पाहणेच बरे.

पाणी प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांतून मिळते. कोपरा दातांनी फोडून ते तोंडात पिळायचे. टेबलांवर उकडलेले बटाटे आणि शेजारी मीठ ठेवलेले असते. दिसेल तिथे पाणी पिण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, ही गोष्ट दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्यकाचे अभ्यासक टिम नोक्स यांनी 1980च्या दशकात दाखवून दिली, तीही कॉम्रेड्सच्याच धावपटूंच्या उदाहरणांवरून.

इंचांगाची चढण चालत पार केल्यावर ड्रमंडला अर्धे अंतर संपते. थोडे पुढे रस्त्याकडेच्या दरडीत एक कोनाडा आहे, तो आर्थर न्यूटन यांचा. 1920च्या दशकात पाच वेळा ही शर्यत जिंकलेले न्यूटन सरावात इथे विसावा घेत, असे सांगतात. त्यांना अभिवादन करून पुढे गेले की उत्तरार्ध सुखाचा जातो, अशी समजूत आहे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, तरी टोपी काढली.

फील्ड्स हिलचा सुमारे तीन किलोमीटरांचा उतार साठ किलोमीटर उलटून गेल्यावर येतो. पहाटे सुसाट गेलेल्यांपैकी कित्येक जण मला तिथे भेटले. कुणी कठड्याला धरून होते, कुणी तिरपे-तिरपे, जवळजवळ उलटे उतरत होते. धाप कुणालाच लागलेली नव्हती, पण मांड्या जुमानत नव्हत्या. माझ्याही मांड्या भरून आल्या होत्या, मात्र आखूड पावलांनी धावता येत होते. खालच्या पाइनटाउनमधला सपाट रस्ता त्यानंतर विचित्रपणे अवघड वाटला आणि काउइज हिलची चढण, खोटे वाटेल, पण हवीहवीशी वाटली, कारण तिथे वेगळ्या स्नायूंवर भार जात होता.

बारा तास पूर्ण होण्याआधी मी डर्बनमध्ये पोहोचलो, फार आधी नाही. अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना विक क्लॅफम यांच्या नावाचे पदक मिळते. एवढ्या मोठ्या शर्यतीचे पदक नाण्याएवढे लहान असते, हे आधी ऐकूनही हातात घेतल्यावर हसू आले.

पहिल्या दोन कॉम्रेड्स लागोपाठच्या वर्षी पूर्ण करणाऱ्याला आणखी एक, 'बॅक-टू-बॅक' पदक देतात. पुढच्या वर्षी अप रन आहे. पॉली शॉर्ट्स तेव्हा पहाटे नव्हे, तर ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आणि चढण म्हणून समोर येईल. जिना मी अजून कठड्याला धरून उतरतो आहे, पण नोंदणी सुरू झाली की नाव घालणार आहे.