शंभर दीनारांचे देणे

ख्रिस्ती प्रीतीविषयी बोलणे निघाले की शत्रूवर प्रेम करण्याचा विषय हमखास येतो, आणि तो एका अर्थी सोयीचाही असतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांना नाव घेण्याजोगा शत्रू नसतोच. असतात ती रोजची माणसे: आपण केलेले काम स्वतःच्या नावावर खपवणारा सहकारी, स्वतःहून कधी फोन न करणारा भाऊ, चारचौघांत टोमणा मारून वर 'अगं, गंमत केली' म्हणणारी नणंद. कृपेचा खरा कस लागतो तो यांच्यापाशी.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, की भावाने अपराध केला तर त्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय? आपण बराच उदार आकडा सांगितला असे त्याला वाटत असावे. उत्तर मिळते, साताच्या सत्तर वेळा. आणि पाठोपाठ निर्दय चाकराचा दृष्टांत येतो. राजाने ज्याचे दहा हजार तालांतांचे (तालांत हे त्या काळचे पैशाचे मोठे माप) कर्ज सोडले, तोच चाकर बाहेर पडताच शंभर दीनार देणे असलेल्या सोबत्याची मानगूट धरतो. हे शंभर दीनार म्हणजे चिल्लर, असे आपण वाचताना गृहीत धरतो, पण ते काही खरे नाही. दीनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे शंभर दीनार ही तीन महिन्यांहून अधिक दिवसांची कमाई झाली, आणि ती बुडाली तर कोणत्याही कष्टकऱ्याचे घर हादरेल. तालांताचे सुमारे 6,000 दीनार धरले, तर चाकराचे स्वतःचे कर्ज 6 कोटी दीनारांवर जाते, जे फेडायला लाखाहून अधिक वर्षे मजुरी करावी लागेल. त्या डोंगरापुढे शंभर दीनार दिसेनासे होतात हे कबूल; तरीही देणे खरे होते, हे दृष्टांत लपवत नाही, आणि मला तो पटतो तो त्यामुळेच.

म्हणूनच दुखावल्यावर घाईने म्हटलेले 'जाऊ दे, काहीच झालं नाही' हे वाक्य मला क्षमेचे वाटत नाही, फार तर सभ्यतेचे वाटते. 'काल जरा जास्तच बोलले, मनावर घेऊ नका' असा निरोप मोबाइलवर येतो. आपण 'अहो, त्यात काय!' असे उत्तर देतो, खाली एक हसरा चेहराही चिकटवतो, आणि संध्याकाळी तीच हकिगत तिसऱ्याच कोणाला तिखटमीठ लावून ऐकवतो. देणे माफ केल्याचे तोंडाने सांगायचे आणि वसुली मात्र चालू ठेवायची, असा हा प्रकार असतो. ती हकिगत ओठांवर आलेली असताना आवरणे हे बाहेर कोणाला दिसतही नाही. परंतु पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या बायबलमधल्या पहिल्या पत्रात प्रीती 'अपकार स्मरत नाही' असे जे म्हटले आहे, त्याचे रोजच्या जगण्यातले रूप बहुधा एवढेच असावे.

त्या चाकराने सोबत्याला देणे फिटेपर्यंत तुरुंगात टाकले, हा तपशीलही लक्षात घेण्यासारखा आहे, कारण तुरुंगात बसून माणूस कमावणार काय आणि फेडणार काय? घरोघरी धरला जाणारा अबोला नेमके हेच करतो: ज्याने चूक सुधारावी अशी आपली इच्छा असते, त्यालाच आपण सुधारण्याच्या वाटेवरून हटवतो. (छळ मुकाट्याने सोसत राहावा, असे मात्र यातून कोणी काढू नये, क्षमा केलेल्या माणसाच्या हाती पुन्हा तिजोरीची किल्ली द्यावी, असे दृष्टांतात कुठेही नाही.)

सुधारण्याची वाट मोकळी ठेवण्याच्या बाबतीत लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातला जक्कय मला फार जवळचा वाटतो. हा मुख्य जकातदार, लोकांच्या नजरेतून उतरलेला. येशू त्याच्या घरी उतरायचे ठरवतो तेव्हा जक्कयने अजून कसलीही कबुली दिलेली नसते, आणि त्यामुळेच पाहणारे कुरकुर करतात. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन तो देतो, ते त्यानंतर.