सांता फेच्या आधीची राजधानी

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे. तिथे पार्किंगवाले लुटतात, दागिन्यांच्या किमती विचारायची सोय नाही आणि गर्दी अशी की चौकात धड उभंही राहता येत नाही. झालं सांता फे.

मला लिहायचंय ते तिथून उत्तरेला, तासाभराच्या आत लागणाऱ्या एका उजाड जागेबद्दल. सान गाब्रिएल. सांता फेच्या आधी न्यू मेक्सिकोची राजधानी इथे होती. १५९८ साली हुआन दे ओन्याते हा स्पॅनिश वसाहतकार लवाजमा घेऊन ओहके ओविंगे या तेवा लोकांच्या पुएब्लोत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावात, येऊन धडकला. (तेव्हा गोव्यावरही त्याच्याच राजाचं, दुसऱ्या फिलिपचं, राज्य होतं.) पुढे स्पॅनिश मंडळी रिओ ग्रांदेच्या पलीकडच्या काठावर युंगे गावात गेली, तेच सान गाब्रिएल. वसाहत कसली, लोकांच्या राहत्या घरांत घुसले आणि आपल्या पद्धतीची दारं-खिडक्या बसवून घेतल्या! घरवाले नदीपलीकडे ओहके ओविंगेत गेले. १६१०च्या सुमारास राजधानी सांता फेला हलली.

आता सान गाब्रिएलच्या जागी एक क्रॉस, माहितीचा दगड आणि वाळकी झुडपं.

"मावशी, यासाठी पेट्रोल जाळलं?" भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ओहके ओविंगे पुएब्लोत तर तो आणखी भडकला. एका अंगणात मातीची भट्टी होती, वारुळासारखी गोल, तोंडाशी काजळी धरलेली. यानं मोबाईल वर केला न केला तोच एक आजोबा आले. हात हलवून नुसतं "नो फोटो" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. मोबाईल खिशात जाईपर्यंत. "पर्यटक नकोत तर रस्ता कशाला ठेवलाय?" हा मराठीत पुटपुटला. मला मात्र आजोबांचं शंभर टक्के पटलं. न विचारता घरात शिरलेल्यांचा यांना पुरेसा अनुभव आहे.

याच ओन्यातेनं १५९९ मध्ये आकोमा पुएब्लो चिरडलं आणि पंचविशीपुढच्या पुरुषांचा एकेक पाय तोडायची शिक्षा फर्मावली. जवळच्या आल्काल्देत त्याचा घोड्यावरचा पुतळा होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कुणीतरी रात्री त्याचा उजवा पाय कापून नेला. २०२०मध्ये पुतळाच हलवला.

ओहके ओविंगेचाच पोपे हा तेवा पुढारी. त्यानं दिवस मोजायला गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव धाडून पुएब्लो लोकांचा १६८०चा उठाव जुळवला आणि स्पॅनिशांना बारा वर्षं हाकलून लावलं. त्याचा संगमरवरी पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये आहे. भाच्याला म्हटलं, तिथे जा आणि हवे तेवढे फोटो काढ.