आमची वाटचाल : फरसाणाच्या गल्ल्यातून नाण्यांच्या टेबलापर्यंत

एडिसन, न्यू जर्सी. आमचं दुकान मुळात फरसाण आणि किराण्याचं. स्टेशनवरच्या तिकीट यंत्रात वीसची नोट सारली की सुटे म्हणून डॉलरची पिवळी नाणी खणखणत पडायची. ती कोणालाच खिशात नको असायची. संध्याकाळी गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक चकलीचे पैसे देताना ती आमच्या गळ्यात मारून मोकळं व्हायचं. गल्ल्यात त्यांच्यासाठी खणच नव्हता, म्हणून हिनं ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायला सुरुवात केली.

मी पुण्याचा. लहानपणी रविवारी वडिलांबरोबर जुन्या बाजारात शिवराया चाळत बसायचो, तेव्हा बरणी उपडी करून बघायची खोड जुनीच. 2007 साली या डॉलरच्या नाण्यांत अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या मालिकेतलं पहिलं नाणं आलं, जॉर्ज वॉशिंग्टनचं. त्यात साल, टांकसाळीचं अक्षर आणि 'इन गॉड वी ट्रस्ट' हे सगळं कडेवर. छापा-काटा उमटल्यावर कडेचं काम वेगळ्या यंत्रावर व्हायचं, आणि हजारो नाणी ते यंत्र चुकवून थेट बँकांत गेली. त्यातलं एक आमच्या बरणीत निघालं. कड गुळगुळीत, सालाचा पत्ता नाही. 45 डॉलरला गेलं. त्यातून भिंग आणि डिजिटल काटा आला. धंद्याचं भांडवल म्हणाल तर एवढंच.

हाव मग नडलीच. एका गृहस्थाकडून तशीच तीन नाणी घाईत घेतली. रात्री मुलाच्या कॅलिपरनं मोजली, तर 26.5 मिलिमीटरऐवजी 26.1. कोणीतरी कानशीनं अक्षरं घासून काढलेली. शंभर डॉलर पाण्यात. तेव्हापासून आधी माप, मग चहा, मग भाव.

निम्म्या लोकांना वाटतं नाणं सोन्याचं आहे. आत तांबं, वरून मँगनीज मिसळलेलं पितळ. सोन्याचा कणही नाही. कडेवरची अक्षरं उलटी आहेत म्हणूनही फोन येतात. अहो, त्या यंत्रात नाणी पालथी-उताणी कशीही पडायची. त्याला जास्तीची किंमत नाही. खरी लॉटरी 2000 सालच्या साकागावियाची, म्हणजे त्या नावाच्या मूळनिवासी स्त्रीचं चित्र असलेल्या डॉलरची. न्याहारीच्या चीरिओजच्या खोक्यांतून 5,500 नाणी वाटली होती. त्यातल्या काहींवर गरुडाच्या शेपटीची पिसं नेहमीपेक्षा रेखीव आहेत, आणि अशा नाण्याला हजारो डॉलर मिळतात. अजून एकही आमच्या टेबलावर आलेलं नाही. तरी प्रत्येक शेपूट भिंगाखाली घालतोच.

2011च्या डिसेंबरात सरकारनं चलनासाठी ही नाणी पाडणं थांबवायचं ठरवलं. 2012पासूनची फक्त संग्राहकांसाठी. आमच्या बरणीचा ओघ आटला. नंतरच्या सालाचं नाणं सुट्यात आलं की मी सरसावून बसतो, पण दोन-तीन डॉलरच्या वर ते क्वचितच जातं. आता येतात ते आजोबांच्या कपाटात सापडलेले डबे. दहांतल्या नऊ डब्यांना मी सांगतो, 'एक डॉलरचं नाणं, एक डॉलरला. खर्च करा.' यावर हिचं म्हणणं, असा दुकानदार पाहिला नाही.

परवा एक काकू अख्खा संच घेऊन आल्या. पूजेच्या तांब्यासारखा चिंचेनं लख्ख घासलेला. नाण्यावरचा मूळचा तजेला गेला, किंमतही गेली. तेव्हा शनिवारी सकाळी या, पारख फुकट आहे. फक्त नाणी आहेत तशी आणा.